आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दीर्घोत्तरी प्रश्न लिहायला शिकवताना

पहिल्या वर्षाच्या इतिहासाच्या पेपरात मी एकदा प्रश्न विचारला होता: ‘फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांपैकी आर्थिक कारण निर्णायक होते, या मताची चर्चा करा.’ पंधरा गुण. गठ्ठ्यातल्या एका उत्तरपत्रिकेत त्याचं उत्तर सहा पानांचं होतं. चौदाव्या लुईपासून सुरुवात, मग व्हर्सायचा राजवाडा, समाजातले तीन वर्ग (धर्मगुरू, सरदार आणि बाकीची सगळी जनता), व्हॉल्टेअर आणि रूसो हे विचारवंत, पावाची टंचाई, बॅस्टिल. अक्षर सुंदर, महत्त्वाचे शब्द अधोरेखित, एकही सन चुकलेला नाही. मी पंधरापैकी सहा दिले. मुलगी पेपर घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, यात चुकलंय काय?”

चुकलेलं काहीच नव्हतं. फक्त सहा पानांत ‘निर्णायक’ हा शब्द एकदाही आला नव्हता.

“विचारलंय तेवढंच लिही,” असं मी तेव्हा तिला सांगितलं. हा सल्ला अगदी बिनकामाचा होता, कारण विचारलंय काय हेच तिला ओळखता येत नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात भरपूर होतं, पण पोहरा कसा ओढायचा ते तिला कुणी दाखवलंच नव्हतं. शाळेत जितकं जास्त आठवून दाखवाल तितके गुण मिळायचे. कॉलेजात आठवलेल्यातून निवडायचं असतं. खेळाचा नियम बदललेला असतो आणि मुलं जुन्याच नियमाने जीव तोडून खेळत असतात.

खाली दिलेला क्रम मी एका सत्रात वापरते. त्यासाठी वेगळे तास मिळत नाहीत, नेहमीच्या तासातलीच पंधरा-वीस मिनिटं काढावी लागतात. माझा विषय इतिहास, म्हणून उदाहरणं तिथली आहेत. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कायदा, साहित्य, कुठेही क्रम तोच राहतो.

१. आधी बिनगुणांचं एक उत्तर लिहून घ्या

सत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, नुकत्याच शिकवलेल्या भागावर एक प्रश्न द्या. वेळ वीस मिनिटं, पुस्तक बंद, गुण नाहीत. घरी नेऊन ती उत्तरं तपासू नका, नुसती वाचा आणि तीन गठ्ठे करा. पहिला गठ्ठा माहितीच नसलेल्यांचा. दुसरा, माहिती आहे पण प्रश्नाशी गाठ नाही अशांचा. तिसऱ्यात प्रश्न कळलाय, पण उत्तर विस्कळीत आहे किंवा अर्धवट राहिलंय.

माझ्याकडे दुसरा गठ्ठा दरवर्षी सगळ्यांत जाड असतो. हे कळणं फार उपयोगाचं आहे, कारण वाईट उत्तरं दिसली की आपला हात आपोआप धडा पुन्हा शिकवण्याकडे जातो. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांना धडा पुन्हा शिकवला तर पुढच्या वेळी ती सहाऐवजी आठ पानं लिहितील.

२. प्रश्न फोडणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. लिहिणं अजून सुरूच करायचं नाही.

प्रत्येक प्रश्नात तीन गोष्टी शोधायला सांगा: करायचं काय (क्रियापद), कशाविषयी (विषय) आणि कुठपर्यंत (मर्यादा). पेन्सिलीने क्रियापदाला गोल, विषयाखाली रेघ, मर्यादेला चौकोन. वरच्या प्रश्नात ‘चर्चा करा’ला गोल, ‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे’ याखाली रेघ आणि ‘आर्थिक’, ‘निर्णायक’ या दोन शब्दांना चौकोन. मुलं रेघ बरोबर मारतात, चौकोन मात्र हमखास विसरतात. सहा पानांचं उत्तर तिथूनच जन्माला येतं. रेघ मारलेला शब्द दिसला की त्या शब्दाबद्दल पाठ केलेलं सगळं बाहेर पडतं.

मग एकाच विषयावरचे चार प्रश्न फळ्यावर लिहा:

फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे सांगा.
फ्रेंच राज्यक्रांतीची आर्थिक कारणे स्पष्ट करा.
फ्रेंच राज्यक्रांतीच्या आर्थिक आणि सामाजिक कारणांची तुलना करा.
आर्थिक कारण निर्णायक होते, या मताची चर्चा करा.

वर्गाला एवढंच विचारा, की रूसो कोणत्या उत्तरात येईल? पहिल्यात नक्की. दुसऱ्यात येण्याचं कारण नाही. तिसऱ्यात ओढूनताणून. चौथ्यात येऊ शकतो, पण ‘नुसत्या पैशाने क्रांती झाली नाही, विचारांचंही बळ होतं’ असा मुद्दा मांडायचा असेल तरच. पंधरा मिनिटं यावर वाद होऊ द्या. ज्याला वर्षभर रूसो आवडला तो मुलगा रूसोला सोडायला तयार नसतो, आणि तीच गंमत आहे. माहीत असलेली गोष्ट गाळायची सवय या वयात पहिल्यांदाच लावायची असते.

क्रियापदांचे अर्थही एकदा बसून ठरवून टाका. ‘सांगा’ म्हणजे यादी, थोडक्यात. ‘स्पष्ट करा’ म्हणजे कसं आणि का ते उलगडायचं. ‘तुलना करा’ म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच कसोटीवर शेजारी शेजारी ठेवायच्या. अर्धं उत्तर एकावर आणि अर्धं दुसऱ्यावर लिहिलं तर ती तुलना होत नाही, दोन टिपा होतात. ‘मूल्यमापन करा’ म्हणजे निकाल द्यायचा आणि तो कोणत्या आधारावर दिला ते सांगायचं. ‘चर्चा करा’ हा शब्द मात्र फार सैल आहे. आपण शिक्षकच तो कुठेही टाकतो. कधी त्याचा अर्थ ‘माहिती द्या’ असतो, कधी ‘बाजू आणि विरोध मांडा’. माझ्या वर्गापुरता मी त्याचा अर्थ ठरवून दिलाय: दोन्ही बाजू मांडायच्या आणि शेवटी आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं. मुलांना शिकवता शिकवता माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या तेव्हा निम्मे प्रश्न मलाच फोडता आले नाहीत. तेव्हा ही पायरी आपल्यालाही लागू आहे, हे मुकाट्याने मान्य करावं.

३. घड्याळाचा हिशेब

हा भाग लवकर उरकतो, पण टाळू नका. समजा पेपर दोन तासांचा, प्रश्न चार, प्रत्येकी पंधरा गुण. १२० मिनिटांतली पहिली दहा प्रश्नपत्रिका वाचायला, शेवटची दहा परत नजर टाकायला. उरली १००, म्हणजे प्रश्नाला २५. त्यातली पाच आराखड्याची, वीस लिहिण्याची.

वीस मिनिटांत आपण किती लिहितो, हे मुलांना प्रत्यक्ष मोजायला लावा. पाच मिनिटं विचार करत, सलग लिहा आणि शब्द मोजा. ज्याचा वेग मिनिटाला पंधरा शब्दांचा निघतो, त्याला वीस मिनिटांत तीनशे शब्द मिळतात. तीनशे शब्दांत चौदावा लुई बसत नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

एक हिशेब फळ्यावर मांडाच. तीन उत्तरं मन लावून लिहिली, प्रत्येकी अकरा गुण मिळाले आणि चौथं राहिलं, तर ३३. चारही बेताची लिहिली, प्रत्येकी नऊ, तर ३६. कुठल्याही उत्तरातले पहिले पाच-सहा गुण मिळवणं सोपं असतं, दहाच्या पुढचा एकेक गुण घाम काढतो. आवडत्या प्रश्नाला चाळीस मिनिटं देणाऱ्या हुशार मुलांना हे जास्त समजवावं लागतं.

४. पाच मिनिटांचा आराखडा

आराखडा करा असं नुसतं सांगून कुणी करत नाही. आजूबाजूला सगळ्यांची पेनं चालू असताना आपण विचार करत बसायचं, याला धाडस लागतं. म्हणून हे काम मुलांसमोर करून दाखवा, आणि तेही तयारी न करता. मी वर्गाला सांगते, मला न सांगता एक प्रश्न निवडा आणि फळ्यावर लिहा. मग घड्याळ लावून, मोठ्याने विचार करत, पाच मिनिटांत आराखडा करते. अडखळते, एखादा मुद्दा लिहून खोडते. शिक्षकही खोडतो हे पाहणं त्यांना फार धीर देतं.

आपल्या प्रश्नाचा माझा आराखडा फळ्यावर साधारण असा उतरला होता:

मत: वेळ पैशाने ठरवली, दिशा वर्गभेदाने.
बाजूने: अमेरिकेच्या युद्धातली मदत, कर्ज. १७८८, निम्मा खर्च कर्जापायी. १७८७, सरदारांचा नव्या कराला नकार. खजिना रिता म्हणून १७८९ ची सभा.
पाव: १७८८ चं पीक बुडालं, भाव चढले. (शहरातली गर्दी)
विरोधात: कर्ज आधीही होतं, क्रांती नाही झाली. मतदान वर्गानुसार की डोक्यानुसार, भांडण तिथे पेटलं. १७ जून.
~~रूसो~~

(१७ जून म्हणजे १७८९ मध्ये तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा जाहीर केलं तो दिवस.) सगळं मिळून पन्नासएक शब्द. अपुरी वाक्यं, बाण, खाडाखोड. यातली पहिली ओळ, म्हणजे मत, लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही हा एकच कडक नियम. मत सुचत नसेल तर आधी मुद्दे लिहा आणि मग वर जाऊन मत लिहा, पण उत्तर सुरू होण्याआधी ती जागा भरलेलीच हवी. आणि मत ‘दोन्ही कारणे तितकीच महत्त्वाची होती’ असं आलं तर परत पाठवते. कधी कधी ते खरंही असतं, पण पहिल्या वर्षाला नव्वद टक्के वेळा ती पळवाट असते. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.)

पुढचे दोन आठवडे मुलांकडून फक्त आराखडे करून घ्या. तासाच्या सुरुवातीला एक प्रश्न, पाच मिनिटं, शेजाऱ्याशी अदलाबदल. उत्तर लिहायचंच नसल्यामुळे एका आठवड्यात चार प्रश्नांचा सराव होतो आणि तुम्हाला तपासायचं ओझं जवळपास नाही.

५. पहिला परिच्छेद

इथे दोन जुने आजार भेटतात. पहिला, नमनाला घडाभर तेल. ‘मानवी इतिहासात क्रांतीला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ अशी सुरुवात, मग क्रांतीची व्याख्या, मग जगातल्या इतर क्रांत्या. तीनशेतले ऐंशी शब्द संपले आणि फ्रान्स अजून आलेलं नाही. दुसरा आजार, ताकाला जाऊन भांडं लपवणं. मत ठरलेलं असतं, पण ते शेवटच्या ओळीपर्यंत दडवून ठेवायचं, जणू रहस्यकथा आहे. पेपर तपासणाऱ्याला रहस्य नको असतं. तो त्या दिवसातला चाळिसावा पेपर वाचत असतो आणि पहिल्या चार ओळींत दिशा कळली की पुढचं मन लावून वाचतो.

त्या मुलीची मूळ सुरुवात अशी होती:

“फ्रेंच राज्यक्रांती ही जगाच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाची घटना आहे. १७८९ मध्ये झालेल्या या क्रांतीने संपूर्ण युरोप हादरला. या क्रांतीची अनेक कारणे होती. ती पुढीलप्रमाणे आहेत.”

आम्ही दोघींनी बसून ती पुन्हा लिहिली, तिच्याच माहितीतून:

“१७८९ मध्ये इस्टेट्स जनरल ही सभा १६१४ नंतर पहिल्यांदा बोलवावी लागली, ती खजिना रिकामा झाल्यामुळे. त्या अर्थाने आर्थिक कारणाने क्रांतीचे दार उघडले. परंतु सभा भरताच वाद पेटला तो पैशावरून नव्हे, तर तिसऱ्या वर्गाच्या मताला किंमत किती यावरून. त्यामुळे आर्थिक कारण तात्कालिक होते, निर्णायक नव्हते, असे म्हणता येईल.”

दुसऱ्या उताऱ्यात नवीन माहिती एकही नाही. १६१४ हे सनसुद्धा तिच्या मूळ उत्तरात होतं, चौथ्या पानावर. मुलांना हे दोन उतारे शेजारी शेजारी दाखवा आणि फरक त्यांनाच सांगू द्या.

६. मधले परिच्छेद

प्रत्येक परिच्छेदाला तीन प्रश्न विचारायचे: काय म्हणतोस? कशावरून? मग काय? पहिल्याचं उत्तर विधान, दुसऱ्याचं पुरावा, तिसऱ्याचं प्रश्नाशी नातं. मुलांना ‘कशावरून’ जमतं, कारण तिथे पाठांतर कामाला येतं. ‘मग काय’ जवळजवळ नेहमीच गळतं.

“फ्रान्सने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मदत केली व त्यामुळे कर्ज वाढले.” इथे थांबलेला परिच्छेद म्हणजे अर्धवट उत्तर. मी समासात फक्त ‘मग?’ असं लिहिते. मुलगा पुढे लिहितो: “१७८८ पर्यंत सरकारचा जवळपास निम्मा खर्च कर्ज फेडण्यात जाऊ लागला.” पुन्हा ‘मग?’ “त्यामुळे करमाफी असलेल्या वर्गांवर कर लावण्यावाचून राजाला गत्यंतर उरले नाही, आणि तेथे आर्थिक प्रश्न विशेषाधिकारांचा प्रश्न बनला.” आता हा परिच्छेद ‘निर्णायक’ या शब्दाशी बोलू लागला. दोनदा ‘मग?’ विचारणं पुरतं. तिसऱ्यांदा विचारलं की मुलं तत्त्वज्ञान झाडू लागतात.

याचा साचा मात्र करू नका. चीनमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी ‘आठ पायांचा निबंध’ म्हणून एक घोटीव रचना शतकानुशतकं चालली. कुठल्या भागात काय, किती, कोणत्या तोलाचं वाक्य, सगळं ठरलेलं. १९०५ मध्ये ती परीक्षापद्धतीच बंद झाली, आणि तोवर तो निबंध म्हणजे पोकळ कसरतीचं दुसरं नाव झाला होता. आपल्या वर्गातही ‘प्रस्तावना, पाच मुद्दे, समारोप’ ही चौकट फार लवकर हाडीमाशी खिळते. मुद्दे तीनच असतील तर तीन लिहा, हे वेळोवेळी सांगावं लागतं.

७. मुलांना पेपर तपासू द्या

एकाच प्रश्नाची तीन उत्तरं तयार ठेवा: एक लांबलचक आणि भरकटलेलं, एक आखूड पण नेमकं, एक मत ठासून मांडणारं पण पुराव्याविना. नावं नकोत, आणि चालू वर्षाच्या मुलांची तर नकोतच. स्वतः लिहिलेली उत्तम. वर्गाला पंधरापैकी गुण द्यायला सांगा.

गुणांत जमीन-अस्मानाचा फरक निघेल, आणि तो निघू द्या. १९१२ मध्ये डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीचे तेच पेपर १४२ शिक्षकांकडून तपासून घेतले होते. एकाच पेपरला शंभरपैकी मिळालेल्या गुणांत तीसहून जास्त गुणांची तफावत आली. शिक्षकांची ही गत, तर मुलांची काय. मग विचारा: सगळ्यांचे गुण जवळ यायचे तर कशाला किती गुण द्यायचे हे आधी ठरवायला नको का? ती यादी त्यांच्याकडूनच काढून घ्या. माझ्या वर्गाने एकदा ठरवलं होतं: प्रश्नाला थेट उत्तर ४, पुरावा ५, विरोधी बाजूची दखल ३, मांडणी ३. मी केली असती तीही फार वेगळी नसती, पण ती स्वतःची असल्यामुळे त्यांनी लक्षात ठेवली. त्याच यादीवर मग परत गुण द्यायला सांगा. पानं मोजून गुण देणारे बरेच जण या दुसऱ्या फेरीत बदलतात.

८. घड्याळ लावून सराव

आता कुठे पूर्ण उत्तर लिहायचं. पहिल्या वेळी आराखडा घरून करून आणू द्या, वर्गात फक्त लिहायचं. दुसऱ्या वेळी प्रश्न आधी माहीत, आराखडा वर्गात. तिसऱ्या वेळी काहीच माहीत नाही. आधार एकेक करून काढायचा, एकदम नाही.

“सर, परत वाचून काढलं तर जास्त फायदा होईल ना?” असं माझ्या एका सहकाऱ्याला विद्यार्थ्याने विचारलं होतं. याला सरळ उत्तर आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. लिहिण्याचा सराव अभ्यासाचा वेळ खातो ही तक्रार त्यामुळे टिकत नाही, लिहिताना अभ्यासही होतच असतो.

तपासताना सगळ्या चुकांवर लाल शाई ओतू नका. एका उत्तराला एकच शेरा, तोही करता येण्याजोगा: “दुसऱ्या परिच्छेदाला ‘मग काय’ जोडून परत आण.” पूर्ण उत्तर नाही, तेवढा एक परिच्छेद. आणि गुण त्या दिवशी देऊ नका. गुण दिसले की शेरा कुणी वाचत नाही.

शुद्धलेखनाकडे कधी बघायचं? अर्थ बिघडत असेल तेव्हा लगेच, नाहीतर सत्राच्या शेवटी. ज्या मुलांचं शिक्षण दुसऱ्या भाषेत झालंय, ती वाक्याच्या भीतीने विचारच आखडता घेतात. त्यांना मी सांगते, आराखडा हव्या त्या भाषेत कर, उत्तराची वाक्यं लहान ठेव.

९. परीक्षेच्या दिवसासाठी

काहीच आठवत नसेल तर काय, हे आधीच बोलून ठेवा, कारण ते कुणाचंही होतं. प्रश्न जसाच्या तसा कच्च्या पानावर उतरवायचा, गोल-रेघ-चौकोन करायचं आणि चौकोनातल्या शब्दाखाली सुचेल तो एक शब्द लिहायचा. हाताला काम मिळालं की बऱ्याचदा गाडं हलतं. नाही हललं तर तीन मिनिटांत पुढच्या प्रश्नावर जायचं, मध्ये अर्धं पान कोरं सोडून.

वेळ संपत आली आणि उत्तर अर्धं असेल तर आराखड्यातले उरलेले मुद्दे एका ओळीत एक असे लिहून टाकायचे. मी त्याला थोडेफार गुण देते, बरेच परीक्षक देतात. आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं वाचत बसायचं नाही. प्रत्येक उत्तराचा फक्त पहिला परिच्छेद आणि शेवटची दोन वाक्यं बघायची: दोन्ही ठिकाणी तेच मत आहे का? लिहिता लिहिता मत बदललेलं असतं, ते लक्षात येत नाही. बदललं असेल तर पहिल्या परिच्छेदातलं वाक्य खोडून नवं लिहायचं. खाडाखोड दिसली तरी चालते.

ती सहा पानांची मुलगी पुढच्या परीक्षेत अडीच पानांत थांबली. पेपर देताना तिने विचारलं, “मॅडम, इतकं कमी चालेल ना?” पहिल्या पानावर तिने पहिलं वाक्य खोडून वर नवं लिहिलं होतं.